उसनी डंगरी घातलेला भाष्यकार

आमच्या पक्षाचा माणूस अध्यक्ष झाला आणि माझा धंदा बसला.

धंदा म्हणजे बोलण्याचा. मी ओरिन स्लामा, राहणार वेल्टन, नेब्रास्का. आयुष्यभर ट्रॅक्टर विकले, तेही शोरूममध्ये टेबलामागे बसून. निवृत्त झालो आणि गावच्या रेडिओ स्टेशनवर रोज सकाळी अर्धा तास राजकारणावर बोलायला लागलो. माझ्याआधी डुकरांचे भाव असतात, माझ्यानंतर गावात कोण वारलं ते सांगतात. या दोन महत्त्वाच्या बातम्यांच्या मधली जागा माझी. माझी बायको डार्लीन म्हणते, "भाव ऐकून झाले की बायकांना रेडिओ बंद करायचा असतो, पण हात पिठात असतात. म्हणून तुला श्रोते आहेत."

आधीचे अध्यक्ष विरोधी पक्षाचे. त्यांच्या काळात मला विषयाची कधी ददात पडली नाही. ते बोलले की मला राग यायचा, गप्प बसले की जास्त यायचा. त्यांनी शेतातल्या चराला नदी ठरवणारा एक नियम काढला होता. म्हणजे डुएनच्या, माझ्या मेहुण्याच्या, शेतात पावसाळ्यात जे बेडकांचं डबकं साचतं, ते सरकारी पाणी झालं. बुजवायचं असेल तर राजधानीतल्या कुणा साहेबाची परवानगी. या एका डबक्यावर मी अख्खा उन्हाळा काढला. विषय संपला तेव्हा अध्यक्षांच्या कुत्र्यावर बोललो. कुत्रं बिचारं कुठल्याच पक्षाचं नव्हतं.

आणि मग जानेवारीत आमच्या माणसानं शपथ घेतली. व्लास्टाच्या कॅफेत आम्ही सगळे टीव्हीसमोर जमलो होतो. व्लास्टा स्वतः विरोधी पक्षाची, गावातल्या मोजक्यांपैकी एक, पण गिऱ्हाईक आमच्या पक्षाचं, म्हणून तोंड मिटून कॉफी ओतत होती. शपथ झाली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि तिनं माझ्या कपात कॉफी ओतता ओतता विचारलं, "आता कुणाला शिव्या घालणार रे तू?"

मी हसलो. पुढच्याच आठवड्यात हसू मावळलं. नव्या सरकारनं चराचा नियम रद्द केला. मी माईकसमोर बसून म्हणालो, "चांगलं केलं." आणि घड्याळाकडे पाहिलं. अजून पूर्ण अर्धा तास पडला होता. मग म्हणालो, "फारच चांगलं केलं." रागावर तासभर बोलता येतं हो, समाधानावर माणूस किती बोलणार? त्या दिवशी वारलेल्यांच्या बातम्या लवकर लागल्या.

मला वाट सापडली ती वर्तमानपत्रांमुळे. सरकारवर बोलता येत नाही ना, मग सरकारवर लिहिणाऱ्यांवर बोलायचं! आमच्या सरकारनं नियम काढला, तर पूर्वेकडच्या मोठ्या पेपरात काय आलं? "पाण्याचं संरक्षण काढून घेतलं." आणि शेजारी बदकाचं चित्र. डुएनच्या डबक्यात आजवर एक बदक उतरलेलं नाही. राजधानीतली खाती लहान केली, तर पेपरात सामानाचं खोकं घेऊन रडत बाहेर पडणारी कारकून बाई. माणूस रडतो त्याचं वाईट मलाही वाटतं, पण त्या खात्याच्या अर्जापायी आमच्याकडे किती जण रडले, त्यांचं चित्र काढायला कधी कुणी आलं होतं का? हे मी तळमळीनं बोलायचो. आजही बोलेन. वेल्टनच्या शाळेत पोरांनी दुपारी काय जेवायचं हे वेल्टननं ठरवावं, असं मानणारा मी माणूस आहे. यात काय चुकलं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

एवढंच की, पेपरांना शिव्या घालायच्या तर पेपर वाचायला लागतात. मी तीन मोठे पेपर सुरू केले. पोस्टमन डार्लीनला म्हणाला, "अख्ख्या तालुक्यात हे पेपर घेणारं तुमचं एकच घर आहे." तिनं ते व्लास्टाला सांगितलं. व्लास्टानं सगळ्यांना.

एप्रिलमध्ये व्लास्टाचाच फोन आला. "ओरिन, इथं एक पोरगी आलीय. पूर्वेकडच्या त्या बदकवाल्या पेपरची. नव्या सरकारबद्दल गावात लोकांना काय वाटतं ते विचारतेय. सगळे कपात तोंड घालून बसलेत. मी तिला म्हटलं, थांब जरा, आमच्याकडे एक बोलणारा आहे. अडचण एवढीच की तो थांबत नाही."

"आलोच," मी म्हणालो. पण लगेच गेलो नाही.

हे सांगताना मला आता घाम फुटतो. त्या पेपरांत आमच्याकडच्या माणसांचे जे फोटो येतात ते मी बारकाईनं पाहिले होते. डंगरी, टोपी, मागे ट्रॅक्टर. टेबलामागे बसून ट्रॅक्टर विकलेल्या, इस्त्रीची पँट घातलेल्या माणसाला ते कशाला छापतील? मी डुएनच्या घरी गेलो. तो शेतावर होता. त्याची डंगरी मागल्या दारी वाळत होती. मी ती घातली. डुएन माझ्यापेक्षा बराच उंच. पाय दुमडून घेतले.

घरी टोपी घ्यायला आलो तर डार्लीन दारातच. वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "माझ्या भावाचे कपडे तुझ्या अंगावर कसे?"

"पेपरवाली आलीय."

"म्हणून तू डुएन होणार?"

"अगं, लोकांना आपलं गाव खरंखुरं दिसायला हवं ना."

डार्लीननं टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली. 

पोरीचं नाव हॅना व्हिटकोम. लहानखुरी, शांत, चष्मा नाकावरून घसरणारा. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो आणि तिनं आधी विचारलं, "मिस्टर स्लामा, तुम्ही काही खाणार का?" व्लास्टाकडचे कोलाचे आमच्या भागात प्रसिद्ध आहेत. वाटीसारखा गोड पाव, मध्ये सारण. ते माझ्यासमोर ठेवून हॅनानं रेकॉर्डर टेबलावर ठेवला, मला दिसेल असा, आणि म्हणाली, "हे चालू आहे बरं का."

"असू दे की," मी म्हणालो. "मी रेडिओवरचा माणूस आहे."

पहिला प्रश्न, "तुमची शेती किती?"

मी डंगरीच्या खिशात हात घातला. आत डुएनचा पाना निघाला. "घरामागे," मी म्हणालो, "आम्ही टोमॅटो लावतो."

"तुम्ही शेतकरी नाही?"

"मनानं आहे."

काउंटरमागे व्लास्टाला एकदम खोकला आला.

मग मी बोललो. पेपर कसे खोटं लिहितात, कसे येतात तेव्हा आधीच ठरवून येतात. हॅना ऐकत होती. मध्येच तोडत नव्हती. माणूस ऐकायला लागला की मी बिघडतो. तिनं विचारलं, "नव्या सरकारनं परदेशी मालावर कर वाढवला, त्यावर परदेशानं तुमचं सोयाबीन घेणं बंद केलं. त्याबद्दल काय वाटतं?" मी म्हणालो की थोडं सोसावं लागेल, पुढे फायदा आहे. "कसा?" तिनं विचारलं. भांडायला नव्हे, माहिती हवी म्हणून विचारावं तसं. मी कोलाचा चावत वेळ काढला. शेवटी म्हणालो, "खरं सांगू का, मला त्यातलं नीट कळत नाही. पक्षाकडून कागद येतो, तो मी वाचतो."

हे मी स्वतःच्या तोंडानं म्हणालो. रेकॉर्डर चालू. कुणी पिळून काढलं नाही.

मग ओघात हेही म्हणालो, "विरोधात होतो ना, तेव्हा मजा होती." आणि तिनं विचारलं की तुम्हाला पेपर-टीव्हीचा एवढा राग का, तेव्हा मी माझ्या आईची गोष्ट सांगितली. ती मी रेडिओवर कधी सांगितली नव्हती. का सांगितली कुणास ठाऊक. निघताना तिनं डुएनच्या घरासमोर उभ्या ट्रॅक्टरशेजारी माझा फोटो काढला. मी दूर क्षितिजाकडे पाहत उभा राहिलो. तिकडे आमचं गावातलं भंगारचं आवार आहे.

रविवारी लेख आला. डार्लीननं आधी वाचला. मी चर्चला जायला टाय बांधत होतो आणि स्वयंपाकघरातून तिच्या हसण्याचा आवाज आला. असं हसणं मी आमच्या लग्नानंतर फार वेळा ऐकलेलं नाही.

मथळा होता: "विरोधात होतो तेव्हा मजा होती." खाली मी, क्षितिजाकडे पाहताना. आणि फोटोखाली बारीक अक्षरात: "ओरिन स्लामा, रेडिओ भाष्यकार, मेहुण्याच्या डंगरीत."

"तिला कुणी सांगितलं?" मी ओरडलो.

"डुएननं," डार्लीन डोळे पुसत म्हणाली. "ती नंतर ट्रॅक्टरचा फोटो छापायला परवानगी मागायला गेली होती त्याच्याकडे. तो म्हणाला, हो, छापा, आणि माझी डंगरी दिसली तर सांगा."

चर्चमध्ये पाद्रीबुवांनीसुद्धा माझ्या पँटकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी मी माईकसमोर बसलो तेव्हा रक्त नुसतं उसळत होतं. डुकरांचे भाव संपले आणि मी सुरू झालो. "वेल्टनकरांनो, मी तुम्हाला किती दिवस सांगतोय की हे लोक खोटं लिहितात! आज मी स्वतः त्यांच्या तावडीत सापडलोय. हा लेख मी तुम्हाला ओळीओळीनं वाचून दाखवणार आणि प्रत्येक ओळीतलं खोटं उघडं करणार. फोन चालू आहेत."

पहिली ओळ वाचली. "वेल्टनच्या कॅफेत सकाळी राजकारणावर बोलणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे." थांबलो. यात खोटं काय? म्हटलं, पुढे बघू. दुसरी ओळ, "ओरिन स्लामा शेती करत नाहीत, पण मनानं शेतकरी असल्याचं ते सांगतात."

फोन वाजला. डुएन. "ओरिन, तू असं म्हणाला होतास का?"

"म्हणालो होतो, पण..."

"मग पुढची वाच. आणि माझा पाना कुठंय?"

पुढची वाचली. मी पेपरांबद्दल जे जे बोललो होतो ते सगळं तिनं दिलं होतं. चराचा नियम, बदक, शाळेतलं जेवण, सगळं. माझ्या शब्दांत आणि मी सांगितलं त्याहून थोडक्यात. आमची बाजू त्या पेपरात इतकी नीट आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ती आणणारं डंगरीतलं गाढव मी होतो. मग सोयाबीनची ओळ आली. ती मी जरा भरभर वाचली. लगेच फोन.

"पुन्हा वाच," डुएन म्हणाला. "हळू."

"'मला त्यातलं नीट कळत नाही. पक्षाकडून कागद येतो, तो मी वाचतो.'"

  मग डुएन म्हणाला, "मला वाटत होतं तुला कळतं. मी तुझं ऐकून गप्प बसलो होतो." आणि त्यानं फोन ठेवला.

मी कुठं बघावं ते मला कळेना. म्हणून खाली बघून वाचत राहिलो. आणि तो परिच्छेद आला.

बरीच वर्षं झाली, वेल्टनला चक्रीवादळानं झोडपलं होतं. गावाचा उत्तरेकडचा भाग गेला, दक्षिणेकडचा राहिला. माझी आई तेव्हा लिंकन शहरात दवाखान्यात होती. तिच्या खोलीतल्या टीव्हीवर एका मोठ्या वाहिनीच्या माणसानं सांगितलं की वेल्टन गाव उरलेलं नाही, कुणी वाचलेलं नाही. फोन बंद, रस्ते बंद. मी दुसऱ्या दिवशी चिखलानं भरलेला तिच्या खोलीत शिरलो, तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. म्हणजे, ओळखलं, पण घाबरली. तिच्या लेखी मी आदल्या दिवशीच मेलो होतो. त्या वाहिनीनं नंतर चूक दुरुस्त केली म्हणे. आई त्यानंतर फार जगली नाही, आणि ती दुरुस्ती तिनं काही पाहिली नाही.

हॅनानं हे चार वाक्यांत लिहिलं होतं. कुठं रडारड नाही, कुठं शहाणपणा नाही. शेवटी एवढंच: "स्लामा म्हणतात, दुरुस्तीला एक रात्र उशीर झाला तरी बातमी देणाऱ्याला चालतं, पण आईला तो उशीर परवडत नाही."

हे मी म्हणालो होतो? म्हणालो असणार. मी वाचता वाचता थांबलो. रेडिओवर थांबणं म्हणजे फार मोठी गोष्ट. लोकांना वाटतं वीज गेली. मी पाणी प्यायलो, आणि ते पिण्याचा आवाज अख्ख्या तालुक्यानं ऐकला.

तेवढ्यात शेवटच्या परिच्छेदात मला ते दिसलं. खोटं! खरंखुरं, छापील खोटं! "बघा!" मी ओरडलो. "इथं लिहिलंय, 'स्लामा यांनी बोलता बोलता आलुबुखाराचे दोन कोलाचे संपवले.' मी आयुष्यात आलुबुखाराचा कोलाचा खाल्लेला नाही! मी खसखशीचा खातो! गावाला माहीत आहे! हीच ती पत्रकारिता!"

फोन वाजला. व्लास्टा.

"ओरिन, खसखशीचे त्या दिवशी संपले होते. तुला आलुबुखाराचे दिले. तू बोलत होतास, तुला कळलंच नाही."

"दोन?"

"तीन. तिनं एक सोडून दिला, बिचारीनं."

त्या दिवशी वारलेल्यांच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा मला वाटलं, आता माझंही नाव येणार.

त्या आठवड्यात मला घराबाहेर पडायला नको वाटत होतं. तरी डुएनकडे गेलो, डंगरी धुऊन, पाना खिशात ठेवून. तो मागल्या दारी पायरीवर बसला होता. मी म्हणालो, "मला सोयाबीनचं सांग." त्यानं सांगितलं. तो रागावलेला नव्हता, त्यानं जास्त त्रास झाला. नव्या सरकारला त्यानंही मत दिलं होतं, आणि पुन्हा देईन म्हणाला. "चराचं त्यांनी बरोबर केलं," तो म्हणाला. "या कराचं चुकलं. एवढं साधं तू का नाही बोलत?"

"आपल्याच माणसाविरुद्ध?"

"आपल्याच माणसाला. त्याच्याविरुद्ध कुठं बोलायला सांगतोय मी?"

पुढच्या सोमवारी मी त्याला रेडिओवर घेऊन गेलो. डुएन माईकसमोर बसला तो वाघासमोर बसल्यासारखा. पण बोलला. परदेशी गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की ते परत आणायला किती हंगाम जातात, हे त्यानं सांगितलं. कागद नव्हता त्याच्याकडे. मग मी, ओरिन स्लामा, आमच्या पक्षाचा आमच्या तालुक्यातला सगळ्यात मोठा आवाज (हे मीच म्हणायचो), म्हणालो, "या बाबतीत आपलं सरकार चुकतंय असं मला वाटतं."  व्लास्टानं नंतर सांगितलं की कॅफेत एकानं कप खाली ठेवला. तिला ती टाळी वाटली, मला अजून खात्री नाही.

मग फोन सुरू झाले. पहिला एका जुन्या श्रोत्याचा, माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला मान डोलावणारा भला माणूस. 

"ओरिन, तू पण त्यांच्यातलाच झालास. तो पेपर तुला आधीच फोडून गेला. आता तू जे सांगशील ते मी उलटं धरणार."

"अरे, पण मी डुएनचंच सांगतोय. डुएनला तू ओळखतोस."

"डुएनला ओळखतो. पण तू त्याला आणलास ना? कुणाला आणायचं ते तुम्ही लोक आधीच ठरवता."

तुम्ही लोक! आयुष्यभर मी ज्यांना 'ते लोक' म्हणत आलो, त्यांच्यात मी आता अधिकृतपणे सामील झालो होतो. पगार मात्र कुणी देत नव्हतं.

घरी आलो तर डार्लीन भाजी चिरत होती. रेडिओ चालू होता, म्हणजे तिनं ऐकलं होतं. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, "आता माझं कुणीच ऐकणार नाही. इकडचेही नाही, तिकडचेही नाही."

"मी ऐकलं की," ती म्हणाली.

"तुझे हात पिठात होते."

"आज नव्हते," डार्लीन म्हणाली, आणि मला कांदे सोलायला बसवलं.